बारशाची ऑर्डर

फोनवर ऑर्डर अगदी साधी होती. पुण्यात सिंहगड रोडला बारसं, हॉलमध्ये मोगरा, बाळाच्या खोलीत लॅव्हेंडर. "आणि सगळं नॅचरल हं, केमिकल एक नको," बाळाचे बाबा दोनदा म्हणाले. इसेन्शियल ऑइलं वापरून घरासाठी सुगंध बनवणं हा माझा धंदा. पण तान्ह्या बाळाचं घर असलं की मी बाटल्या भरण्याआधी एकदा जाऊन येते. बारशाच्या आदल्या दुपारी गेले.

बाळाच्या खोलीचं दार उघडलं आणि डोळे चुरचुरले. नाकालाच काम असल्यामुळे वास सुटे करायची सवय लागलेली असते. सगळ्यांत वर नीलगिरी. तिच्याखाली धुरी, म्हणजे ऊद, ओवा, लसणीची सालं. आणि तळाशी एक थंड, गोडसर वास, तो कुठून येतोय ते लगेच कळेना.

पाळण्याला लागूनच स्टुलावर डिफ्यूझर भसाभस वाफ सोडत होता. आधी तो बंद केला, मग विचारलं, "यात किती थेंब घातलेत?"

"वीसेक असतील," सूनबाई म्हणाली. "पावसाळा आहे ना, बाळाला सर्दी नको म्हणून मावशींनी पाठवलंय. शुद्ध आहे."

शुद्ध होतंच, तीच तर अडचण. नीलगिरीच्या तेलात बहुतांश सिनिओल असतं, म्हणजे तिचा तो झोंबणारा घटक. 100 मिली पाण्याच्या डिफ्यूझरमध्ये मोठ्या माणसांच्या हॉलसाठीसुद्धा मी 3-4 थेंबांवर जात नाही, आणि अर्ध्या तासाने बंद करायला सांगते. नीलगिरी, कापूर, पेपरमिंट ही तर तान्ह्या बाळाच्या नाकाजवळ आणूच नयेत. श्वास अडखळू शकतो. तेलाची बाटली रांगत्या मुलाच्या हाती लागून थोडं जरी पोटात गेलं तरी झटके येऊ शकतात. हे सगळं झाडापासूनच आलेलं असतं. धोतराही झाडच आहे, असं मी म्हणाले ते जरा लागलंच असावं, कारण बाबा गप्प झाले.

आजी मात्र गप्प बसणाऱ्यातल्या नव्हत्या. "मावशीचं ते यंत्र मलाही पसंत नव्हतं. पण धुरीला काही बोलू नका. माझी चारही मुलं धुरीवर वाढली."

"बाळंतपण कुठे झालं होतं, आजी?"

"शनिवार पेठेत, वाड्यात."

"बाळंतिणीची खोली बंद असायची?"

"बंद म्हणजे बंदच. वारा नाही लागू द्यायचा."

"आणि वर काय होतं?"

"वर काय असणार, कौलं."

कौलांच्या फटींतून धूर निघून जायचा. इथे वर स्लॅब, खिडकीला सरकती काच, तीही एसीसाठी घट्ट लावलेली. धूर कुठे जाणार? बाळाच्या छातीत. आजींनी एकदा छताकडे पाहिलं, मग खिडकीकडे, आणि बाळाच्या बाबांना म्हणाल्या, "काच सरकव रे." एवढ्या पटकन ऐकतील असं वाटलं नव्हतं. पुण्यात वाद सहसा जास्त चालतो.

खिडकी उघडल्यावर तो तळाचा वास स्पष्ट झाला. डांबरगोळ्या. कपाटात बाळाच्या ताईची झबली-टोपडी होती, चार वर्षं गोळ्यांत जपलेली, मऊ झालेली म्हणून मुद्दाम काढलेली. उन्हं नाहीत म्हणून न धुताच घालत होते. बाळाच्या अंगावरच्या झबल्यालाही तोच वास. इथे मात्र माझ्या पोटात गोळा आला. डांबरगोळी म्हणजे बहुधा नॅफ्थलीन. ज्या बाळाच्या रक्तात जी-सिक्स-पीडी नावाचं एन्झाइम कमी असतं, त्याच्या तांबड्या पेशी नॅफ्थलीनने फुटतात; रक्त कमी होतं, कावीळ चढते. आणि अशी कमतरता आहे हे बघून कळत नाही.

"कावीळ झाली होती का बाळाला?"

"तिसऱ्या दिवशी थोडं पिवळं होतं. डॉक्टर म्हणाले, होतं तसं."

होतंच. बऱ्याच बाळांना होते, त्यावरून काही सिद्ध होत नाही, आणि मी डॉक्टर नाही. "पण गोळ्यांचं त्यांना सांगा," एवढंच म्हणाले. सूनबाईने तिथल्या तिथे फोन लावला. कपडे बदला, खोली मोकळी करा, उद्या सकाळी बाळाला दाखवून जा, असं उत्तर आलं. झबली बादलीत गेली, गोळ्या पिशवीत बांधून घराबाहेर.

मग उरला हॉल. "मोगरा नॅचरलच पाहिजे," बाबांनी परत काढलं. मोगऱ्याचं खरं अ‍ॅब्सोल्यूट, म्हणजे फुलांपासून काढलेला घट्ट अर्क, हॉलभर फवारायचं तर बारशाचा जेवणाचा खर्च त्यापुढे किरकोळ वाटेल. शे-दोनशे रुपयांत 'नॅचरल मोगरा ऑइल' म्हणून मिळतं ते प्रयोगशाळेतलं. वाईट नसतं, पण तुम्हाला तर केमिकल नको. त्यांना म्हटलं, सकाळी मंडईतून सोनचाफा आणा, घंगाळात पाणी घालून दाराशी ठेवा. बाळाच्या खोलीत फुलंसुद्धा नकोत.

हॉलच्या पडद्यांसाठी घरी येऊन वाळा, गवती चहा आणि थोडं संत्रं असा स्प्रे केला, 100 मिलीला 2 मिली तेल. वाळ्याचं तेल काकवीसारखं दाट, बाटलीतून हलायलाच तयार नसतं, पण वास दिवसभर टिकतो आणि गवती चहाचा उथळपणा सांभाळून घेतो. तेल नुसत्या पाण्यात घालून बाटली हलवणारे पुष्कळ आहेत. तेल वर तरंगतं आणि पहिल्याच फवाऱ्यात पडद्यावर डाग. आधी सोल्युबिलायझरमध्ये, म्हणजे तेल पाण्यात मिसळू देणाऱ्या पदार्थात, कालवायचं, मग पाणी. बाळ पाळण्यात घालायच्या बरंच आधी फवारा आणि पंखे लावा, असं बजावून दिलं.

बारशाला मी गेले तेव्हा बाळ डॉक्टरांकडून येऊन धुतलेल्या दुपट्यात झोपलं होतं. तपासून ठीक आहे म्हणाले, रक्त तेवढं तपासायला घेतलं होतं. पाहुण्यांनी दारातल्या सोनचाफ्याचं कौतुक केलं तसं आजींनी माझ्याकडे बोट दाखवलं. "या बाई. घरातले सगळे वास बंद केले, फुलं आम्हालाच आणायला लावली, आणि वर पैसे घेतले."

घेतले. भेटीचे वेगळे, स्प्रेचे वेगळे.