बाई आणि लेंड्यांची कुंडी

महोत्सवी स्मरणिकेसाठी चार ओळी पाठवा, असा शाळेचा निरोप आला. लिहायला बसले तर बाईंशिवाय काही सुचेना. कोणत्या बाई, ते बडोद्याच्या दांडिया बाजारात वाढलेल्यांना सांगायला नको.

नववीत त्या आम्हाला पादरा रस्त्याकडच्या शेतांत घेऊन गेल्या होत्या. बांधाशी रोझाच्या, म्हणजे नीलगाईच्या, लेंड्यांचा ढीग होता. नीलगाय पुन्हा पुन्हा त्याच जागी येते, त्यामुळे ढीग चांगला मोठा. बाईंनी पदर खोचला, उकिडव्या बसल्या आणि काडीनं एक वाळकी लेंडी फोडली. आत गांड्या बावळाच्या, म्हणजे वेड्या बाभळीच्या, तपकिरी, गुळगुळीत बिया, अगदी अख्ख्या! मुलांनी नाकं धरली. "नाकं सोडा, बिया वेचा," बाई म्हणाल्या. शाळेत नळाजवळ दोन कुंड्या भरल्या. एकीत शेंगेतल्या बिया, दुसरीत लेंडीतल्या. लेंडीवाल्या आधी रुजल्या. "शेंग गोड असते ती उगाच नाही. जनावर खातं इथे आणि पेरतं तिकडे."

पुढे मी वनस्पतिशास्त्रच घेतलं. नेपाळातल्या चितवनच्या गेंड्यांवरचा डायनरस्टाइन आणि वेमर यांचा १९८८ सालचा निबंध हाती आला, तेव्हा पहिल्यांदा बाईच आठवल्या. गेंडा पावसाळ्यात जंगलात पेटारीची फळं खातो आणि शेण टाकतो नदीकाठच्या गवताळ माळावर, ठरलेल्या जागी. झाडाच्या सावलीत जे रोप धरत नाही ते तिथे उन्हात, आयत्या खतावर तरारतं. गवतात जंगल शिरतं ते असं. अर्थात सगळी जनावरं सारखी नव्हेत. चितळ आवळा गिळतं, पण आठोळी रवंथ करताना तोंडातूनच टाकतं. हे सगळं बाईंना कळवलं, तर पोस्टकार्डावर एका ओळीचं उत्तर: "आणि आपल्या रोझाचं कोण बघणार?"

म्हणून रोझाचं मी पाहिलं. माझे विद्यार्थी आजही लेंड्या वेचतात. एक मात्र खरं, या पेरणीचं नुसतं कौतुक करून भागत नाही. कच्छच्या छोट्या रणात घुडखरांच्या, म्हणजे रानगाढवांच्या, लिदीतून हाच बावळ पसरतो आणि मोकळी जमीन गिळत जातो. बाईंना हे सांगायचं राहून गेलं.

परवा शाळेत डोकावले. नळाजवळ आता पेव्हर ब्लॉक आहेत, स्कूटर लावायला सोय झाली आहे. संस्थाचालकांना विनंती, तिथला एक चौकोन उखडून माती मोकळी करा. कुंड्यांचा खर्च आमची बॅच देईल.