खिशातली सॉर्बिट्रेट आणि ‘ती’ गोळी

ठाणे स्टेशनजवळच्या मेडिकलमध्ये आवाज खाली आणून ‘एक पन्नासची द्या’ म्हणणाऱ्याच्या शर्टाच्या खिशात सॉर्बिट्रेटची, म्हणजे छातीत कळ आली की जिभेखाली ठेवायच्या नायट्रेट गोळीची, पट्टी असू शकते. खरा घोटाळा या दोन गोळ्या एकत्र येण्यात आहे. ‘ती’ पन्नासची गोळी म्हणजे सिल्डेनाफिल (व्हायग्रा). लोक समजतात तसं ते हृदयाला विष नाही. मुळात ते छातीत कळ येणाऱ्यांसाठीच तपासलं जात होतं. १९९८ साली अमेरिकेत ताठरतेसाठी मंजूर झालं. अँजिओप्लास्टी होऊन तब्येत स्थिरावलेल्या बऱ्याच जणांना कार्डिऑलॉजिस्ट तपासून ते देतात.

नायट्रेटने शरीरात सीजीएमपी नावाचं रसायन वाढतं आणि त्याने रक्तवाहिन्या सैलावतात. ‘ती’ गोळी हेच सीजीएमपी मोडणारं एन्झाइम अडवते. म्हणजे नळ सोडला आणि मोरीला बोळा घातला. प्रेशर धाडकन उतरतं, हृदयाला रक्त पुरवणाऱ्या, अरुंद झालेल्या करोनरीत रक्त पोचत नाही.

म्हणून पट्टीवरचं ब्रँडचं नाव सोडा, मागची बारीक अक्षरं वाचा. आयसोसॉर्बाइड डायनायट्रेट किंवा मोनोनायट्रेट, नायट्रोग्लिसरीन, निकोरँडिल, यांतलं काही चालू असेल तर ही गोळी बाद. कमी डोसमध्येही नाही. कापून दिलेल्या पट्टीत नेमकं नावच गेलेलं असतं. बिल मागून घ्या.

प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन चालू असेल तर सुरुवात २५ मिलिग्रॅमने, तीही डॉक्टरांना विचारून. क्लॅरिथ्रोमायसिनसारख्या अँटिबायोटिकने गोळी रक्तात जास्त साचते. प्रेशर ९०/५० च्या खाली किंवा १७०/११० च्या वर असेल, अटॅक येऊन सहा महिने झाले नसतील, तर थांबा. दोन जिने भरभर चढून छातीत दुखलं तर आधी स्ट्रेस टेस्ट (चालवून घेतलेली हृदयाची तपासणी). आणि रस्त्याकडेच्या तंबूतली ‘जडीबुटी’? तसल्या कॅप्सूलमध्ये सिल्डेनाफिल मिसळलेलं अनेकदा सापडलंय, डोसाचा पत्ता नाही.

गोळीनंतर छातीत दुखलं तर सगळं थांबवून बसा, जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवू नका, १०८ लावा. चक्कर आली तर आडवं होऊन पाय उंच करा. अँब्युलन्सवाल्यांना गोळीचं नाव आणि वेळ सांगा. हे बायकोलाही माहीत हवं, कारण तेव्हा बोलायची वेळ तिच्यावरच येते. लाजेपायी लपवलं तर कॅज्युअल्टीत पहिल्यांदा नायट्रेटच दिलं जाऊ शकतं. सिल्डेनाफिलनंतर किमान २४ तास नायट्रेट चालत नाही, त्याच जातीच्या पण जास्त वेळ टिकणाऱ्या टॅडालाफिलनंतर ४८. रविवारी रात्री दहाला टॅडालाफिल घेतली असेल, तर मंगळवारी संध्याकाळीही ते सांगायचं.