त्यांच्यानंतर कोण?

महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री कोण हे शाळेतलं पोरगंही सांगतं, पण १९६२ मध्ये यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले तेव्हा त्यांच्या खुर्चीवर कोण बसलं असं विचारा, दादरच्या कट्ट्यावर निम्मे लोक थेट वसंतराव नाईक म्हणून मोकळे होतात. मधले मारोतराव कन्नमवार गायबच! ते पदावर असतानाच नोव्हेंबर १९६३ मध्ये वारले, मग थोडे दिवस बाळासाहेब सावंत आणि मग नाईक. मला क्विझमधले हे "नंतर कोण" वाले प्रश्न मनापासून आवडतात, कारण मोठ्या माणसाच्या मागून येणाऱ्याला लोक फार लवकर विसरतात आणि बऱ्याचदा खरी गंमत त्याच्याच खात्यात असते.

आणि या प्रश्नांचं सगळ्यात मोठं घबाड मला सापडलं ते अमेरिकन बेसबॉलमध्ये. आपल्याकडे क्रिकेट आणि राजकारण एकमेकांत किती मिसळलंय ते आपल्याला माहितीच आहे, ज्यांच्या नावाने वानखेडे स्टेडियम आहे ते शेषराव वानखेडे विधानसभेचे अध्यक्ष होते, पुढे बीसीसीआयचे अध्यक्ष झाले, आणि १९८२ ला त्यांच्यानंतर आले एन. के. पी. साळवे, तेही राजकारणीच, आणि त्यांच्याच काळात आपण ८३ चा वर्ल्ड कप जिंकला. तिकडेही अगदी हेच आहे.

ग्रोव्हर क्लीव्हलँड घ्या. अमेरिकेचे बाविसावे राष्ट्राध्यक्ष, मग हरले, बेंजामिन हॅरिसन आले, मग क्लीव्हलँड पुन्हा निवडून येऊन चोविसावे. म्हणजे हॅरिसन हे एकाच माणसाच्या नंतरचे पण आणि आधीचे पण! आणि पदावर असताना मेजर लीगची (म्हणजे तिकडच्या सगळ्यात वरच्या बेसबॉल लीगची) मॅच बघायला गेलेले पहिले राष्ट्राध्यक्ष हेच हॅरिसन, १८९२ साली. क्लीव्हलँडच्या पहिल्या टर्ममध्ये, १८८७ ला, नेब्रास्कात एक मुलगा जन्मला, आईबापांनी त्याला राष्ट्राध्यक्षांचंच नाव ठेवलं, ग्रोव्हर क्लीव्हलँड अलेक्झांडर. तो पुढे ३७३ मॅच जिंकणारा पिचर (आपल्याकडचा बॉलर) झाला. १९२६ च्या वर्ल्ड सिरीजची, म्हणजे सीझनच्या फायनलची, सातवी आणि शेवटची मॅच, सेंट लुईस कार्डिनल्सची टीम न्यूयॉर्क यांकीजच्या पुढे फक्त एका रनने, ३-२, सातवी इनिंग, तिन्ही बेसवर यांकीजचे रनर उभे, दोन आऊट (तिसरा झाला की इनिंगमधली बॅटिंग संपते), आणि कॅप्टनने बोलावलं कोणाला तर आदल्याच दिवशी पूर्ण मॅच टाकलेल्या एकोणचाळीस वर्षांच्या अलेक्झांडरला. त्याने यांकीजचा बॅटर टोनी लाझेरी याला स्ट्राइकआऊट केलं, म्हणजे तीन स्ट्राइकमध्ये बाद केलं. आणि नवव्या इनिंगमध्ये यांकीजचा बेब रूथ सेकंड बेस चोरायला (बॉल मारला जायच्या आधीच पुढच्या बेसकडे) धावला, आऊट झाला, सिरीज तिथेच संपली. मी हा प्रसंग कितीही वेळा वाचला तरी अंगावर काटा येतो. १९५२ ला या अलेक्झांडरवर सिनेमा आला आणि त्याचं काम केलं रोनाल्ड रेगन यांनी, म्हणजे राष्ट्राध्यक्षाचं नाव ठेवलेल्या खेळाडूची भूमिका पुढे स्वतः राष्ट्राध्यक्ष झालेल्या माणसाने केली. यापेक्षा चांगला प्रश्न कोणी बनवून दाखवा! रेगन त्याआधी आयोवात रेडिओवर शिकागो कब्जच्या मॅचची कॉमेंटरी करायचे, तीही मैदानात न जाता, तारेवरून आलेल्या चिठ्ठ्या वाचून. एकदा तार बंद पडली तर बॅटरला फाऊलवर फाऊल (रेषेबाहेर जाणारे फटके) मारायला लावून त्यांनी वेळ काढला, हा किस्सा ते स्वतःच सांगायचे.

पण माझा सगळ्यात लाडका माणूस हॅपी चँडलर. १९३९ ला तो केंटकीचा गव्हर्नर होता (तिकडचा गव्हर्नर लोकांनी निवडलेला, आपल्या मुख्यमंत्र्यासारखा). राज्याचा एक सिनेटर (तिकडच्या संसदेच्या वरच्या सभागृहातला सदस्य) वारला, जागा रिकामी झाली, गव्हर्नरने स्वतःला नेमणं बरं दिसेना म्हणून चँडलरने राजीनामा दिला, लेफ्टनंट गव्हर्नर (उपगव्हर्नर) कीन जॉन्सन गव्हर्नर झाला आणि त्याने चँडलरला सिनेटवर पाठवलं. खुर्ची द्यायची आणि ज्याला दिली त्याच्याकडूनच दुसरी घ्यायची, हे आपल्या आमदार मंडळींनाही पटकन सुचणार नाही!

मग १९४५ ला हाच चँडलर बेसबॉलचा दुसरा कमिशनर (सगळ्या मेजर लीगचा प्रमुख) झाला. पहिले केनेसॉ लँडिस, १९२० पासून मरेपर्यंत, म्हणजे १९४४ पर्यंत, आणि त्या सगळ्या काळात मेजर लीगमध्ये एकही कृष्णवर्णीय खेळाडू नाही. चँडलर आला आणि १५ एप्रिल १९४७ ला जॅकी रॉबिन्सन हा कृष्णवर्णीय खेळाडू ब्रुकलिन डॉजर्स या टीमकडून मैदानात उतरला. करार डॉजर्सच्या ब्रँच रिकीने केला, सोसलं रॉबिन्सनने, ते खरंच, पण दक्षिणेतल्या राज्यातून आलेल्या या राजकारण्याने आडकाठी केली नाही हे मला खूप मोठं वाटतं. त्याच आठवड्यातली अजून एक गोष्ट, डॉजर्सचा मॅनेजर (आपल्याकडच्या कोचसारखा) लिओ ड्युरोशर याला चँडलरनेच वर्षभरासाठी सस्पेंड केलं होतं, त्यामुळे रॉबिन्सनच्या पहिल्या मॅचला मॅनेजर होता क्लाइड सुकफोर्थ, फक्त दोन मॅचपुरता. आणि सुकफोर्थ कोण? १९४५ ला रॉबिन्सनला रिकीच्या ऑफिसात घेऊन आलेला स्काऊट (नवे खेळाडू हेरणारा)! त्याच्यानंतर बर्ट शॉटन आला.

चँडलरला क्लबमालकांनी दुसरी टर्म दिलीच नाही, १९५१ ला तो गेला आणि फोर्ड फ्रिक आला. चँडलर घरी बसला नाही, १९५५ ला पुन्हा केंटकीचा गव्हर्नर म्हणून निवडून आला. पण हॉल ऑफ फेमची (बेसबॉलमधल्या थोरांच्या मानाच्या यादीची) यादी बघितली की मला राग येतो, लँडिसना मरण पावल्यावर काही आठवड्यांतच घेतलं, फ्रिकला १९७० ला घेतलं, आणि दोघांच्या मधल्या चँडलरला १९८२ पर्यंत थांबवलं.