त्या एका मायनसने दोन संध्याकाळी खाल्ल्या

भाचा अकरावी सायन्सला, सीईटीची तयारी चालू. मी बी.कॉम., गणिताशी शेवटचा संबंध कधी आला तेही आठवत नाही, तरी मामा म्हणून ऐटीत बोललो, आण इकडे, बघू. गणितं रेषेचा चढ काढायची, म्हणजे एक्स १ ने पुढे गेला की वाय कितीने वर जातो ते. पहिली सरळ होती. वाय = २एक्स + ७, एक्सला चिकटलेला आकडा म्हणजे चढ, २, झालं.

मग आलं ३एक्स = ४वाय − १२. त्याच्या क्लासच्या नोट्समध्ये चौकटीत फॉर्म्युला, चढ = −ए/बी, बास, पुढे एक शब्द नाही. आम्ही एक्सचा आकडा ए म्हणून ३ घेतला, वायचा बी म्हणून ४, उत्तर −३/४. मागे उत्तर ३/४. परत केलं, तेच. तिसऱ्यांदा मी छातीठोकपणे सांगून टाकलं की छपाईची चूक आहे, पुढे जा. पण डोक्यातून जाईना. दुसऱ्या दिवशी ऑफिसात डबा खाता खाता पाकिटाच्या मागे दोन बिंदू काढले, एक्स ० ठेवला तर वाय ३, एक्स ४ ठेवला तर वाय ६, म्हणजे ४ पुढे गेलं की ३ वर, अरे ही रेषा तर चढतेय, हिला मायनस येईलच कसा! संध्याकाळी परत दोघं बसलो, जुनी वही उकरली तेव्हा कुठे कळलं, तो फॉर्म्युला सगळी पदं एका बाजूला आणून दुसरीकडे शून्य ठेवल्यावर लागतो. ३एक्स − ४वाय + १२ = ०. बी ४ नाहीच, −४ आहे. मायनसला मायनस गेला, ३/४. एवढी एक ओळ चौकटीखाली लिहायला क्लासवाल्यांचं काय जात होतं? फी तर पूर्ण घेतली.

आता आम्ही वायलाच एकटं पाडतो, ४वाय = ३एक्स + १२, मग ४ ने भागायचं, आणि सगळ्या पदांना भागायचं, भाचा घाईत एक्सवालं पद तसंच सोडतो. सीईटीत गणिताचा एक प्रश्न २ मार्कांचा, आणि पर्यायांत ३/४ च्या शेजारी −३/४ बसलेलाच असतो. हां, आणि १२ च्या जागी ५०० असते तरी चढ तोच, रेषा नुसती सरकते.

परवा विचारतो, "मामा, एक्स = ५ मध्ये वायच नाहीये, एकटं कुणाला पाडू?" म्हटलं उभी रेषा आहे रे, बी शून्य, शून्याने भागता येत नाही, चढ ठरवता येत नाही असं लिही. आणि वाय = ५? आडवी, चढ ० . हे मात्र मी वहीत न बघता सांगितलं.