शेवटून दुसरा बाक

शाळेला 50 वर्षं झाली, स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या असा सरांचा फोन आला आणि मी आठ दिवस टाळलं, कारण लिहायला बसलो की शेवटून दुसरा बाकच आठवणार हे माहीत होतं.

आमची दहावी 1994 ची. सप्टेंबर 1993 ला किल्लारीचा भूकंप झाला तेच शाळेचं वर्ष, पुढे बरेच दिवस वर्ग झाडाखालीच भरायचे. आडत दुकानदाराचा पोरगा, गुरुजींची पोरगी, ऊसतोडीवाल्यांची पोरं, सगळे एकाच सतरंजीवर, आणि गणितात पहिला कोण तर माझा बाकावरचा जोडीदार. त्याचे आईबाप दिवाळी झाली की कारखान्याला जायचे, हा आजीजवळ राहायचा. पाढे तर सोडाच, सर फळ्यावर गणित लिहून होईस्तोवर याचं उत्तर तयार. बोर्डात त्याला 84 टक्के पडले, मला 79.

आणि अकरावी-बारावीला लातूरला कोण गेलं? मी. माझे मामा तिथं एसटीत कंडक्टर होते, राहायची सोय होती, बास एवढंच कारण. तेव्हा सीईटी-नीट काही नव्हतं, बारावीच्या मार्कांवर सगळं, कॉलेजचे सरच जादा तास घ्यायचे आणि पेपरवर पेपर सोडवून घ्यायचे. मी औरंगाबादला इंजिनिअरिंगला लागलो. त्याच्या बापानं मुकादमाकडनं उचल, म्हणजे ऊसतोडीची आगाऊ रक्कम, घेतलेली होती, एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, मग अठराव्या वर्षी त्याचं लग्न लावलं आणि कोयता वाढला. सत्कारात लोक माझ्या मेहनतीबद्दल बोलतात तेव्हा मला मामाची खोली आठवते.

आता माझी पोरगी लातूरला नीटच्या क्लासला आहे. माझ्या अख्ख्या इंजिनिअरिंगला लागला नाही तेवढा पैसा तिच्या एका वर्षाला लागतो, मी भरतो, कुरकुर न करता भरतो, म्हणजे या भानगडीत मी पण आहेच की.

जोडीदाराची पोरगी गेल्या वर्षी इंजिनिअरिंगला लागली. 2024 पासून ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), ओबीसी, एसईबीसीतल्या (मराठा आरक्षण) आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या मुलींची व्यावसायिक कोर्सची फी माफ आहे, चांगलंच झालं, पण मेस, खोली, नॉन क्रिमीलेयरच्या दाखल्यासाठी तहसीलच्या चकरा हे कोण माफ करणार? शिवाय फॉर्म ऑनलाईन. आधारला नंबर बापाचा, बाप सांगलीकडं उसाच्या फडात, फोन चार्जिंगला दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर. तीन रात्री मी लॅपटॉप उघडून बसलो, ओटीपी जायचा आणि तिकडं फोन बंद.

चौथ्या दिवशी पहाटे त्याचाच फोन आला. "आरं टाक लवकर, गाडी भरायची राह्यलीय." सहा आकडे एका दमात सांगितले त्यानं. मीच एक चुकीचा टाकला, परत मागवावा लागला.