विजय अमृतराजच्या रिक्षाच्या शोधात

पैज लागली ती बांद्र्याहून सुटलेल्या उदयपूरच्या गाडीत, वरच्या बर्थवरून. धाकट्या भावाचं म्हणणं, ‘ऑक्टोपसी’ या बाँडपटामध्ये टेनिसपटू विजय अमृतराज शेवटपर्यंत असतो. माझं म्हणणं, मधेच मरतो आणि त्याला कबीर बेदी मारतो. मोबाइलवर शोधायचं नाही असं ठरलं. निकाल उदयपूरला, गच्चीवरच्या पडद्यावर. हरेल त्याने तिथल्या सगळ्या रिक्षांचे पैसे द्यायचे.

हा सिनेमा आम्ही १९८५ साली पाहिला होता. मी चौदाचा, हा अकराचा. चार घरांत वर्गणी काढून व्हीसीआर भाड्याने आणला होता आणि एका रात्रीत तीन पिक्चर उरकायचे होते. ‘ऑक्टोपसी’ तिसरा, म्हणजे पहाटे दोनला सुरू. कॅसेटला सारख्या मुंग्या येत होत्या, दर वीस मिनिटांनी कोणीतरी उठून हेड पुसत होतं. त्यामुळे आमच्या आठवणीतला सिनेमा अर्धा पडद्यावरचा आणि अर्धा झोपेतला. पण रिक्षाचा पाठलाग दोघांनाही लख्ख आठवत होता. जेम्स बाँड काळ्या-पिवळ्या रिक्षाच्या मागच्या सीटवर, पुढे आपला विजय अमृतराज, हातात टेनिसची रॅकेट! विम्बल्डनची उपांत्यपूर्व फेरी गाठलेला माणूस रिक्षा चालवतोय, यात आम्हाला काहीही कमीपणा वाटला नव्हता. उलट दुसऱ्या दिवशी गल्लीत बॅडमिंटनच्या रॅकेटने तीच मारामारी झाली.

उदयपूरला पोचलो आणि पहिल्याच संध्याकाळी माझा अंदाज चुकला. शहरातल्या गच्चीवरच्या खानावळी रोज रात्री ‘ऑक्टोपसी’ लावतात, असं पूर्वीपासून ऐकून होतो. लाल घाटाच्या बाजूला दोन ठिकाणी विचारलं, तर एकाने “अब कौन देखता है” म्हणून क्रिकेट लावलं आणि दुसऱ्याचा प्रोजेक्टर बिघडलेला. तिसऱ्याने सांगितलं, “परसों सात बजे, पक्का.” मग मधला दिवस हाताशी होता. तो सज्जनगडला दिला.

सज्जनगड म्हणजे सिनेमातल्या खलनायकाचा, कमाल खानचा महाल. शहराच्या पश्चिमेला डोंगरावर बसलेला पांढरा ठिपका, पिचोला तळ्याच्या काठावर कुठेही उभं राहा, नजर तिकडे जातेच. आमच्या रिक्षावाल्याने पायथ्याच्या फाटकाशी सोडलं. हा सगळा डोंगर अभयारण्याचा, वर जायला तिथल्याच गाड्या. धाकट्याला वाटलं होतं चढत जाऊ. मी गुडघ्यांकडे बघितलं आणि जीपच्या रांगेत उभा राहिलो. नंतर हिशेब केला: सिनेमा आला १९८३ मध्ये, तेव्हा बाँड झालेला रॉजर मूर पंचावन्नचा होता. मी आज चोपन्न. लहानपणी तो ‘मोठा माणूस’ वाटायचा, एवढंच. आता कळतं की छपरावरून उडी मारायच्या आधी कॅमेरा इतका लांब का जातो.

वर पोचल्यावर जे दिसतं त्याची तयारी मात्र सिनेमाने करून दिलेली नव्हती. महाल रिकामा आहे. संगमरवराचे खांब, त्यांवर फुलं-पानं कोरलेली, वर झरोके, आणि आत काही नाही. भिंतींचे पोपडे, एका कोनाड्यात कबुतरं, दगडी कठड्यावर ओळीने वानरं. सिनेमातलं ते झुंबरवालं दालन, तो जेवणाचा प्रसंग जिथे कमाल खान मेंढीच्या मुंडीतला डोळा काढून शांतपणे खातो, त्यातलं इथे काहीच शोधून सापडत नाही. आतले प्रसंग इंग्लंडमध्ये पाइनवूड स्टुडिओत सेट लावून घेतले होते. उदयपूरने दिली ती फक्त बाहेरची बाजू.

आणि खरी गोष्ट सिनेमातल्यापेक्षा चांगली आहे, हे तिथे कोणी मोठ्याने सांगत नाही. महाराणा सज्जनसिंहांना इथे नऊ मजल्यांची वेधशाळा बांधायची होती. पावसाळ्यात मेघ येताना दिसावेत, वरून चितोडच्या दिशेला नजर जावी, अशी कल्पना. १८८४ मध्ये काम सुरू झालं आणि त्याच वर्षी महाराणा गेले. वय पंचवीस. पुढे महाराणा फतेहसिंहांनी जेवढं जमलं तेवढं पुरं केलं, वेधशाळा काही झाली नाही. म्हणजे शंभर वर्षांनी बाँडच्या लोकांनी जो ‘खलनायकाचा अभेद्य महाल’ निवडला, तो मुळात एका तरुण माणसाचं अर्धवट राहिलेलं आकाश बघायचं वेड होतं. मी पश्चिमेच्या झरोक्यात बराच वेळ बसलो. ऑगस्ट होता, अरवलीच्या रांगा ओल्या हिरव्या, मधूनच एखादा ढग खालून वर चढत यायचा आणि खांबांमधून आत शिरून विरून जायचा. बसायची जागा ओली व्हायची. धाकट्याने विचारलं, “दादा, बाँड प्रेतांच्या पिशवीत लपून पळतो ते इथूनच ना?” इथूनच. पण ते आठवायची माझी इच्छा राहिली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी पिचोल्यात बोटीने फिरलो. जगनिवास, म्हणजे लेक पॅलेस, १७४० च्या दशकात महाराणा जगतसिंह दुसरे यांनी बांधला. १९६३ पासून तिथे हॉटेल आहे. सिनेमात तो ऑक्टोपसी नावाच्या बाईचा, फक्त बायकांचा, तरंगता महाल. आपण पाहुणे नसू तर बोट त्याला लांबूनच वळसा घालते. म्हणजे बाँड मगरीच्या आकाराच्या पाणबुडीत बसून गेला, त्याच्याही जवळ आम्हाला जाता आलं नाही. बोटीत आमच्या शेजारी बसलेल्या आजी नातवाला सांगत होत्या, “इथे राजा राहतो.” कोणी दुरुस्त केलं नाही.

संध्याकाळी सातला गच्चीवर आम्ही दोघं, एक वयस्कर परदेशी जोडपं आणि मोबाइलवर बोलणारा एक मुलगा. पडदा म्हणजे ताणून बांधलेली पांढरी चादर, वारा आला की रॉजर मूरच्या पोटाला लाट यायची. मागे खराखुरा लेक पॅलेस दिव्यांनी उजळलेला आणि पुढे चादरीवर त्याचाच फिकट भाऊ. वेटर पंचविशीचा असेल, त्याला सगळा सिनेमा पाठ. विनोद यायच्या आधीच तो हसायचा, त्यामुळे आम्हाला तयार राहायला वेळ मिळायचा.

एक सांगतो, भूगोल बघायचा नाही. खाली ताजमहाल दिसतो आणि लगेच बाँडसाहेब उदयपूरच्या घाटावर उतरतात. आग्रा इथून सहाशेच्या वर किलोमीटर आहे! घाटावर गारुड्याच्या वेशात विजय अमृतराज पुंगीवर बाँडचीच धून वाजवत बसलेला. ही त्यांची ओळखीची खूण. गुप्तहेराने आपली स्वाक्षरी धून भर बाजारात वाजवून घ्यावी, यावर लहानपणी आम्हाला शंका आली नव्हती. मग बॅकगॅमनचा, म्हणजे फासे-सोंगट्यांचा डाव, कमाल खानचे वजन भरलेले फासे, बाँडने त्याच फाशांनी दोन षटकार टाकणं, आणि कमाल खानचा अंगरक्षक झालेल्या कबीर बेदीने एक शब्द न बोलता ते फासे मुठीत चुरडून भुकटी करणं. हा प्रसंग चाळीस वर्षांनंतरही तसाच कडक आहे. कमाल खानच्या भूमिकेतला लुई जुर्दाँ फ्रेंच असून अफगाण राजपुत्र झालाय, पण आळशी डोळ्यांनी जो माज दाखवतो तो अस्सल.

आणि मग रिक्षा.

मला वाटत होतं हा पाठलाग अर्धा तास चालतो. चहा येऊन निवायच्या आत संपला. गल्लीत खिळ्यांच्या पलंगावरचा साधू, तलवार गिळणारा, निखाऱ्यांवर चालणारा, उंट, सगळे एकाच शंभर पावलांत हजर. जणू भारताची जत्रा एका दुपारी भरवून उरकली. साहेब जिंकलेल्या नोटा हवेत उधळतात आणि माणसं त्यांवर तुटून पडतात. त्याआधी जिंकलेल्या पैशांतून आपल्या माणसाला वाटा देताना करीवरून जो विनोद केलाय, त्यावर वेटरही हसला नाही. चौदाव्या वर्षी मी हसलो असणार. तेव्हा आपलं गाव गोऱ्यांच्या सिनेमात दिसतंय याचंच एवढं अप्रूप की कोणत्या रूपात दिसतंय ते कोण बघतो.

पण त्याच गल्लीत अमृतराज रॅकेटने एकेकाला बडवतो, तेव्हा बघ्यांच्या माना टेनिसच्या सामन्यासारख्या डावीकडे-उजवीकडे, डावीकडे-उजवीकडे वळत राहतात. मी खदखदून हसलो. लाज वाटते त्याच मिनिटात हसूही येतं, त्याला काय करणार.

धाकटा या वेळपर्यंत पैज जिंकल्याच्या थाटात होता. मग रात्रीचा प्रसंग आला. तळ्याच्या काठावर अमृतराज एकटा पहाऱ्याला, आणि भाड्याचे गुंड येतात. त्यांच्यातल्या एकाकडे दोरीला बांधलेलं करवतीच्या दातांचं चक्र, यो-योसारखं. जेमतेम अर्ध्यावर माणूस संपला. धाकटा काही बोलला नाही. मी पण नाही, कारण मारणारा कबीर बेदी नव्हता. बाँड त्याच्यासाठी फार थांबतही नाही. गोष्ट जर्मनीला जाते, सर्कस, आगगाडी, अणुबाँब, सगळं सुरळीत सुरू. परदेशी जोडप्याने बिल मागवलं.

शेवटपर्यंत टिकतो तो बेदीच. उडत्या विमानाच्या बाहेर जाऊन बाँडला पकड, असा मालकाचा हुकूम येतो, तेव्हा “बाहेर? तिथे?” असा जो त्याचा चेहरा होतो, त्यासाठी पुन्हा एकदा पूर्ण सिनेमा बघायला माझी हरकत नाही.

दोघंही हरलो होतो, म्हणून भाडं निम्मं-निम्मं ठरलं. रात्री हॉटेलकडे जाताना जगदीश मंदिराजवळच्या बोळात समोरून दुसरी रिक्षा आली. मागे कोणी जायचं यावर दोन्ही चालकांचा वाद सुरू झाला. दोन्ही बाजूंना भिंत कोपराला लागत होती. इथे पाठलाग कसला, आरशातून मागे बघायलाही जागा नव्हती. वाट मोकळी होईपर्यंत आमच्या चालकाने विचारलं, “हुकम, पिक्चर कैसी थी?”

धाकट्याने त्याला सगळी गोष्ट सांगितली. रिक्षावाला हेर, रॅकेट, उंटावरून उडी, आणि मग काठावर झालेला खून.

“अच्छा,” चालक म्हणाला. हँडल थोडं वळवून त्याने एक वीत मागे घेतली. “और उसकी गाड़ी? गाड़ी का क्या हुआ?”

आम्ही एकमेकांकडे बघितलं. आत्ताच बघून आलो होतो, तरी दोघांनाही आठवेना.