चांदनी चौक: १.३ किलोमीटर गुळगुळीत, पुढे आपलं आपण

रील्समध्ये दिसतो तो दिल्लीचा चांदनी चौक म्हणजे लाल जैन मंदिर ते फतेहपुरी मशीद. जेमतेम १.३ किलोमीटर. तिथे लाल ग्रॅनाइट बसवलाय, वायरी जमिनीखाली गेल्यात, आणि सकाळी ९ ते रात्री ९ मोटारगाड्यांना बंदी आहे. (तरी बाइकवाले घुसतातच.) सप्टेंबर २०२१ मध्ये या नव्या रस्त्याचं उद्घाटन झालं. ‘जुनी दिल्ली आता पायी फिरायला मस्त झालीय’ असं सांगणारे बहुधा तेवढंच फिरून परतलेले असतात. बाजूच्या गल्लीत दहा पावलं जा, डोक्यावर वायरींचं जाळं हजर.

आधी रिक्षाचं सांगतो. लाल किल्ला मेट्रोबाहेर सायकलरिक्षावाल्याशी ‘पूरा चांदनी चौक, पचास’ असं ठरलं. फतेहपुरीला उतरताना ते पन्नास ‘एका पॉइंटचे, एका माणसाचे’ झाले. न विचारता मसाल्याच्या दुकानापाशी उभं केलं होतं, तोही पॉइंट! आम्ही दोघं, मागणी सहाशेची. बघे जमले, आवाज चढले, शेवटी दोनशेवर सुटलो. बसणारच असाल तर ‘दोनों का मिलाके, आखिर तक’ हे त्याच्या तोंडून वदवून घ्या. माझं मत विचाराल तर बसूच नका, हे अंतर वीस मिनिटांत पायी होतं.

पण खरा घाम काढला तो फतेहपुरी ते लाहोरी गेट या टप्प्याने, म्हणजे खारी बावली या मसाल्यांच्या घाऊक बाजाराने. नवा रस्ता मशिदीशी संपतो आणि हातठेले, टेम्पो, ई-रिक्षा, डोक्यावर गोणी घेतलेले पल्लेदार सगळे एकदम अंगावर येतात. फूटपाथवर पोती रचलेली, त्यामुळे चालायचं गाड्यांमधून. ठेल्याची कड माझ्या नडगीला लागली, अजून दुखतेय. सँडल नकोत, बंद बूट घाला. तिथल्याच गडोदिया मार्केट या जुन्या इमारतीच्या जिन्यात मिरचीच्या धुळीने असा ठसका लागतो की डोळ्यांपुढे अंधारी येते. मास्क हवाच, आणि दमा असलेल्यांनी इकडे फिरकू नये. गच्चीवरच्या ‘व्ह्यू’चं फार कौतुक चालतं, पण तिथे हमालांचे संसार आहेत. फोटोसाठी लोकांची अंथरुणं ओलांडत जाणं मला पटलं नाही.

रस्ता सुधारला तरी मोहल्ला का सुधारत नाही, ते इथे कळतं. राहणाऱ्यापेक्षा गोदामवाला जास्त भाडं देतो, म्हणून हवेल्यांचे मजले मालाने भरतात. बेगम समरू या सरधन्याच्या जहागीरदारणीची हवेली आज भागीरथ पॅलेस नावाचा विजेच्या सामानाचा बाजार आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये तिथे लागलेली आग कित्येक दिवस धुमसत होती, कारण त्या बोळांत बंब शिरत नाहीत. उलट उदाहरण धर्मपुऱ्यातली हवेली. तिची नीट डागडुजी करून हॉटेल केलंय, २०१७ मध्ये युनेस्कोकडून गौरवही झाला. काम देखणं आहे, जरूर बघा. पण हे पैसेवाल्या मालकालाच परवडणारं आहे. शेजारच्या भिंतींचे पोपडे तसेच आहेत.

किनारी बाजारातली नौघरा ही जुन्या घरांची गल्ली शांत आणि सुंदर. लाल जैन मंदिराशेजारचं गौरीशंकर मंदिर आप्पा गंगाधर या मराठ्याने १७६१ साली बांधलं असं सांगतात. पानिपताचं वर्ष, म्हणून दोन मिनिटं जास्त थांबलो.

जायचं तर रविवारी ९ च्या सुमारास. बरीचशी दुकानं बंद असतात, त्यामुळे जुन्या घरांचे दर्शनी भाग तरी दिसतात. लाल किल्ला जोडून करणार असाल तर सोमवार टाळा, बंद असतो. मसाल्यांचा सोस नसेल तर फतेहपुरीवरून मागे वळा आणि चांदनी चौक स्टेशनवरून यलो लाइन पकडा. लाहोरी गेटपर्यंत गेलात, तर त्या गर्दीतून परत चालत येण्याचा हट्ट धरू नका. तिथूनच मेट्रोपर्यंत ई-रिक्षा करा, भाडं मात्र आधी ठरवून.